लोखंडी कूलर, दोन उन्हाळे आणि दीडशे युनिटांची रेघ

वस्तू कुठल्या कंपनीची नाही. इंदुरात मिस्त्रीकडून बनवून घेतलेला, अठरा इंची पंख्याचा, जस्ती पत्र्याचा, खिडकीला लागून बसणारा साधा लोखंडी कूलर. पंप आणि घास (ज्यांवरून पाणी झिरपतं त्या तंतूंच्या पट्ट्या) धरून ६,८०० रुपये, लोखंडी स्टँडचे ९०० वेगळे. घ्यायला गेले तेव्हा मला विचारायला कोणी सापडलं नव्हतं. आता दोन पूर्ण उन्हाळे वापरून झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही लोकमान्य नगरात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट गच्ची. घरात हे, मी आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. दोघांची पेन्शन आहे, पण ती बेताची. त्याआधीच्या उन्हाळ्यात पुण्याहून मुलगा आला, आजीचे हाल बघून त्याने तीन महिन्यांसाठी भाड्याने एसी लावून दिला. त्याच्या प्रेमाबद्दल शंकाच नाही. पण मे महिन्याचं बिल ३४० युनिटांचं आलं, अठ्ठावीसशेच्या वर, आणि भाडं निराळं. शिवाय आईंना एसीत झोप लागेना. गुडघे धरायचे, घसा कोरडा पडायचा. रात्री दोनला उठून त्या हॉलमध्ये पंख्याखाली येऊन झोपायच्या आणि आतल्या खोलीत एसी आमच्या दोघांसाठी चालायचा. ऑगस्टमध्ये हिशोब मांडला तेव्हा ठरवलं, पुढच्या वर्षी हे नाही.

मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळा हिशोब तिच्याभोवती फिरतो. आमच्याकडे अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलात तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये. वरच्या युनिटांना नेहमीचा दर. पण १५१ वं युनिट पडलं की त्या महिन्याची सवलत संपूर्ण जाते, पहिल्या शंभराचीसुद्धा. बिल तीस दिवसांचं धरलं तर रोजची पाच युनिटं. म्हणजे गृहिणीला उन्हाळ्यात एकच प्रश्न सोडवायचा असतो: रोज पाच युनिटांत तीन माणसांना थंड कसं ठेवायचं? एसीला हे जमत नाही. दीड टनाचा एसी भर दुपारी तासाला एक युनिट सहज खातो. पाच तासांत दिवसाचा कोटा संपला, फ्रीज अजून बाकीच.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बाष्पीभवनाने थंडावा येतो हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन, मोजदाद नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून साधारण दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता ओढून घेतं. ही उष्णता काढायला वीज लागत नाही, वीज लागते ती फक्त हवा हलवायला आणि पाणी वर चढवायला. माझ्या कूलरच्या मोटरला १९० वॅट आणि पंपाला २० वॅट लागतात. मात्र हवा कोरडी हवी. आणि माळव्याचा एप्रिल-मे कोरडाठाक असतो, इथेच आपलं काम होतं. मुंबईच्या नणंदेने माझं ऐकून कूलर घेतला तर तिचे पैसे वाया जातील, हे मी तिला फोनवरच सांगितलं.

खरेदी रंगपंचमीनंतर केली. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, रस्ते धुऊन झाले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाहेर पडलो. आधी दोन मोठ्या दुकानांत प्लास्टिकचे कूलर पाहिले. दिसायला छान, चाकं आहेत, रिमोट आहे. पण प्लास्टिकच्या कूलरचा आमचा अनुभव वाईट आहे. सहा वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या कंपनीचा घेतला होता. ऐन मे महिन्यात पंप जळला, तो पंप बाजारात मिळेना, आणि सर्व्हिसवाल्याने बारा दिवस लावले. बारा दिवस आई ओल्या पंचाने अंग पुसत होत्या. तेव्हाच मनात बसलं होतं की ज्या वस्तूचा प्रत्येक भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, तीच उन्हाळ्यासाठी घ्यायची.

मिस्त्रीचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड, बाहेर फुटपाथवर दहा-बारा कूलर उलटे ठेवलेले. मी पत्रा अंगठ्याने दाबून पाहायला लागले तसा तो म्हणाला, "आंटी, दबा के देखो, अपने यहाँ हल्का माल नी मिलेगा." मी खरंच दाबला. बाजूंचा पत्रा थोडा दबत होता, पण खालची टाकी जाड पत्र्याची होती आणि कोपऱ्यांत रिबिट न मारता वेल्डिंग केलेलं होतं. कूलर घेताना मंडळी पंखा बघतात, रंग बघतात. बघायची असते ती टाकी. लोखंडी कूलर मरतो तो तळाकडून. टाकीचे कोपरे नीट जोडलेले आहेत का, तळ किंचित एका बाजूला उतरता आहे का, आणि त्या उतरत्या टोकाला पाणी सोडायची तोटी आहे का, हे तीन पाहा. आमच्या कूलरला तोटी मधोमध होती. मी ती कोपऱ्यात करून मागितली, त्याने शंभर रुपये जास्त घेतले. दोन वर्षांत ते शंभर रुपये किती वेळा वसूल झाले हे टाकी धुणाऱ्या बाईलाच कळेल.

मोटर तांब्याच्या वाइंडिंगची मागितली आणि तसं बिलावर लिहून घेतलं. टाकीला आतून डांबरी रंगाचे दोन हात मारून घेतले आणि चार दिवस उन्हात वाळू दिले. हाच कूलर मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी त्याच मिस्त्रीकडून ८,२०० ला घेतला, आणि त्यांना रंग वाळायलाही वेळ मिळाला नाही. घाई होते ती पहिल्या लाटेनंतर. मार्चमध्ये गेलात तर मिस्त्री तुमच्याशी बोलतो तरी.

आता थंडाव्याबद्दल. पहिल्या आठ दिवसांत आमची निराशा झाली होती. खोली दमट व्हायची, चादरी चिकट लागायच्या. हे म्हणाले, फसलो आपण. चूक आमचीच होती. एसीच्या सवयीने आम्ही दारं-खिडक्या गच्च लावून बसायचो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती बाहेर पडायला वाट नसेल तर तीच दमट हवा खोलीत साचते. समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडी ठेवली आणि त्या दिवसापासून चित्र पालटलं. कूलर कोपऱ्यात खोलीच्या आत ठेवणाऱ्यांनी तर आधी तो खिडकीबाहेर काढावा, मग कूलरला नावं ठेवावीत. आमचा स्टँडवर बाल्कनीत आहे, तोंड खिडकीतून आत, आणि वर हिरव्या जाळीची सावली. उन्हात तापलेल्या पत्र्यातून थंड हवा मागू नये.

शाळेच्या सवयीने मी थर्मामीटर लावला. १६ मेच्या दुपारी तीनला बाल्कनीत सावलीत ४१ अंश, कूलरच्या तोंडाशी २७, आईंच्या पलंगापाशी ३०. तीस अंश आणि अंगावर वारा, यात ८४ वर्षांचं माणूस दुपारी दोन तास शांत झोपतं. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

रात्रीचं गणित वेगळं आहे आणि ते इंदूरकरांनी नक्की जमवावं. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं जुने लोक म्हणतात ते उगीच नाही. आपण पठारावर आहोत, साडेपाचशे मीटर उंचीवर. दिवस कितीही तापला तरी मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा उतरते. म्हणून साडेनऊ ते बारा पंप चालू, बारानंतर पंप बंद आणि नुसता पंखा सर्वांत कमी वेगावर, पहाटे पाचपर्यंत. बाहेरचीच गार हवा आत येते, पाणी वाचतं, ओलावा चढत नाही, आईंचे गुडघेही धरत नाहीत. पंपाला वेगळं बटण हवं ते यासाठी. विकत घेताना विचारा. काही कूलरांत पंप आणि पंखा एकाच बटणावर असतात.

घासेबद्दल. लाकडाच्या बारीक तंतूंची जी पिवळसर घास मिळते तीच आम्ही वापरतो. तीन बाजूंच्या तीन पट्ट्या, सगळ्या मिळून अडीचशे रुपये. खस सुंदर वास देते, पण महाग पडते आणि इतकी दाट असते की हवा कमी येते. आईंच्या हौसेखातर मी एका बाजूच्या घासेत खसाची छोटी जुडी खोचली, तेवढ्याने खोली दरवळते. मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड जास्त टिकतात म्हणतात, पण ते माझ्या कूलरच्या जाळीत बसत नाहीत. नवी घास लावली की पहिल्या दिवशी पाणी चहासारखं तपकिरी होतं. ते सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशीही फिक्कट येतं, तेही सोडायचं, मग वास जातो.

घासेवर पाणी सगळीकडे पडतंय का, हे आठवड्यातून एकदा जाळी काढून बघते. वरच्या नळीला जी बारीक भोकं असतात त्यांत क्षार बसतात, मग घासेचा एक पट्टा कोरडा राहतो. त्या कोरड्या पट्ट्यातून बाहेरची गरम हवा सरळ आत येते आणि माणसाला वाटतं कूलर म्हातारा झाला. मी नळी काढून सुईने एकेक भोक मोकळं करते. पंधरा मिनिटांचं काम आहे. नंतर घास वरपासून खालपर्यंत सारखी गडद दिसते, आणि हात लावला की तो गारवा कोपरापर्यंत जाणवतो.

इथे एक चूक पदरात आहे ती सांगते. पाणी वाचवायचं म्हणून पहिल्या एप्रिलमध्ये मी आरओचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओतत होते. पुष्कळ घरांत हेच करतात. पण त्या पाण्यात गाळलेले सगळे क्षार असतात. वाफ होते ती पाण्याची, क्षार घासेवरच राहतात. तीन आठवड्यांत घास पांढरी आणि काटक्यांसारखी कडक झाली, मेच्या आधीच बदलावी लागली. बोअरच्या पाण्यानेही असंच होतं, फक्त थोडं उशिरा. आता आरओचं पाणी फरशी पुसायला आणि कूलरला नळाला येणारं नर्मदेचं.

आणि हाच या कूलरचा खरा खर्च आहे: पाणी. मी बादल्या मोजल्या. भर मेमध्ये पंप चालू असताना तासाला बारा ते पंधरा लिटर पाणी उडतं. दिवसाला सात बादल्या धरा. नर्मदा जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढून येते, आणि आमच्याकडे एक दिवसाआड. हे पाणी आपण हवेत उडवतो आहोत याची मला टोचणी आहे. म्हणून दिवसा दुपारी बारा ते पाच या वेळेतच पंप, रात्री ते अडीच तास, आणि तिघंही एकाच खोलीत. दुसऱ्या खोलीसाठी दुसरा कूलर नाही. ज्यांच्याकडे मेमध्ये टँकर मागवावा लागतो त्यांनी हा हिशोब आधी करावा. एका टँकरच्या पैशांत विजेची सगळी बचत वाहून जाईल.

आता जे लिहिणार आहे ते बाकी काही वाचलं नाहीत तरी वाचा. लोखंडी कूलर म्हणजे पाणी, वीज आणि लोखंड एका जागी. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. तीन पिनांचा प्लग हवा आणि त्या तिसऱ्या पिनेच्या मागे खरोखर अर्थिंग हवं. आमच्या बाल्कनीच्या बोर्डात तिसरं भोक होतं, मागे वायरच नव्हती! इलेक्ट्रिशियनने ते दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण त्याआधी चार दिवस मी ओल्या पायांनी त्याच कूलरमध्ये पाणी भरत होते. त्याच दिवशी अर्थिंगची वायर टाकून घेतली आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवला. त्याचे पैसे कूलरच्या किमतीतच धरा. पाणी भरताना, घासेला हात लावताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आमच्या कामवाल्या ताईंना मी हे हात धरून शिकवलं.

दुसरी काळजी डासांची. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. म्हणून दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी, आतून ब्रशने घासून, तासभर उन्हात कोरडी. अंडी कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. कोपऱ्यातली तोटी म्हणते ती इथे कामी येते.

आवाज आहे. लपवत नाही. पूर्ण वेगावर टीव्ही ऐकू येत नाही, फोनवर बोलायला स्वयंपाकघरात जावं लागतं. कमी वेगावर ठीक. आईंना त्या घरघरीची सवय झाली, आता वीज गेली की आवाज थांबल्यानेच त्या जाग्या होतात. दुसऱ्या मेमध्ये मोटर नुसती गुणगुणायला लागली, पंखा फिरेना. मी कपॅसिटर गेला असणार म्हणून ह्यांना महाराणी रोडला पाठवलं. ८० रुपयांचा कपॅसिटर, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने १०० रुपयांत बसवला, संध्याकाळी कूलर चालू. ते बारा दिवस आठवले.

आकडे. पहिल्या वर्षी एप्रिल आरामात गेला, पण मेमध्ये १६३ युनिटं झाली. तेरा युनिटांनी सवलत गेली आणि बिल तेराशेच्या जवळ पोहोचलं. एसीच्या अठ्ठावीसशेपेक्षा खूप बरं, पण मला ती तेरा युनिटं फार लागली. शोधत गेले तर दोष कूलरचा नव्हता, छताच्या पंख्यांचा होता. जुना पंखा ७५ वॅट खातो. दिवाळीत दोन खोल्यांत कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे बसवले, ते पूर्ण वेगावर ३० वॅटच्या आसपास चालतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार रेटिंग सक्तीचं झालं आहे, तेव्हा पेटीवरचे तारे बघून घ्या. आणि हो, बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो काढून साधं बटण दिलं.

या वर्षी रोज रात्री वीज कंपनीच्या ऊर्जस ॲपवर स्मार्ट मीटरचा आकडा बघायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. कूलर सव्वादोन, फ्रीज एक, पंखे मिळून पाऊण-एक, बाकी दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर मिळून पाऊणच्या आत. ज्या दिवशी पाच ओलांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी कपडे हाताने धुतले, इस्त्री नाही. मे संपला तेव्हा १४६. बिल पाचशेच्या आसपास. ह्यांनी ते बिल फ्रीजवर चुंबकाने लावलं, ते अजून तिथेच आहे. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून या वर्षी वर्षाचा लोकवन गहू एकदम भरला. दरमहा पीठ आणण्यापेक्षा तो किती स्वस्त पडतो ते प्रत्येक घरात माहीत आहे.

कूलर कधी नापास होतो तेही सांगते. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ढग आले, हवा जड झाली की त्याच्याने काही होत नाही. हवेतच पाणी भरलेलं असतं, घासेवरचं उडणार कुठे? ते दहा-पंधरा दिवस आम्ही पंप बंद ठेवून नुसता पंखा लावतो आणि सहन करतो. ज्यांच्या घरी दमेकरी आहेत, किंवा ज्यांच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकीच नाही, त्यांनी हा कूलर घेऊ नये. भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीला जाळी घट्ट असेल तर घरमालकाला आधी विचारा. आणि घरात तान्हं बाळ रांगत असेल तर स्टँड बाल्कनीतच हवा, हाताच्या पल्ल्यात नाही.

पाचपैकी चार तारे देते. एक पाण्यासाठी कापला.

२१ जूनला पाणी सोडलं. घास काढून कुंड्यांच्या मातीवर अंथरली, तुळशीला आणि मोगऱ्याला. टाकी वाळल्यावर पाहिलं तर तोटीपाशी रुपयाएवढा गंज दिसला. सॅंडपेपरने घासून रंगाचा एक हात मारला आहे. दुसरा हात मारला की मोटरला जुनी चादर गुंडाळून तो जिन्याखाली जाईल.